दिलावरची चरबी

"मॅडम, तुम्ही स्वतः एवढ्या जाड आहात, मग तुमच्या हृदयाला काही होत नाही का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तहसीन मुल्ला आणि रेवती या माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात घातला होता. विचारलास तर आठवडाभर मधल्या सुट्टीतला वडापाव आमच्याकडून, अशी पैज. तिघींत मीच जाड, त्यामुळे मी विचारलं तर ते चिडवणं ठरणार नाही, हा तहसीनचा कायदा. ती पुढे वकील होणार असं सगळे म्हणायचे ते उगीच नाही.

मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे, पण तो हॉल मला अजून जसाच्या तसा दिसतो. नववीच्या दोन्ही तुकड्या सतरंजीवर बसलेल्या. समोर डॉक्टर सुमंगला हिरेमठ. आमच्याच शाळेतून शिकून कोल्हापुरात हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जन. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून देताना तीन वेळा 'आपल्या गडहिंग्लजची लेक' म्हटलं होतं. आणि विज्ञानाचे चौगुले सर माझ्याकडे असे बघत होते, की हिचा दाखला आज द्यावा की उद्या.

मॅडमनी सरांना हातानंच खाली बसवलं.

"नाव काय तुझं?"

"संयोगिता कोथमिरे."

"वडील काय करतात?"

"मटणाचं दुकान आहे. बाजारात."

मागून कुणीतरी हळूच 'बेंऽ' केलं. याची मला बालवाडीपासून सवय आहे.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मग मला सांग, बोकड बारीक असला तर त्याच्या हृदयावर चरबी असते की नसते?"

मला माहीत नव्हतं. आमच्यात बायका-पोरी दुकानात जात नाहीत. मटण घरी येतं ते शिजवायच्या मापाचं होऊनच. पण सगळ्यांसमोर गप्प कसं बसायचं, म्हणून मी ठोकून दिलं, "नसणार. बारीक आहे ना."

"असते," त्या म्हणाल्या. "बारीक बोकडाला असते, बारीक माणसालाही असते. मी जाड आहे ते तुम्हाला लांबून दिसतंय. ते चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच मी दर वर्षी शुगर, प्रेशर बघते, रोज चालते. ज्याचं दिसत नाही तो बघतच नाही. त्याची मला जास्त काळजी वाटते."

मग त्यांनी खडू घेऊन फळ्यावर एक नळी काढली आणि तिच्याभोवती ढगासारखं काहीतरी. नळी म्हणजे रक्तवाहिनी, ढग म्हणजे तिच्याभोवतीची चरबी. पोटावरची वेगळी, ही वेगळी. आमची आजवरची समजूत अशी, की चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेला नुसता साठा. मॅडम म्हणाल्या, ही चरबी म्हणजे एकाच भिंतीचा शेजारी. तब्येत बरी असेल तोवर तो रक्तवाहिनीला धक्के लागू देत नाही, तिला सैल, मोकळी ठेवणारी रसायनं सोडतो. पण माणसाची शुगर वाढली, विडी-सिगारेट लागली, वजन वाढलं, की तोच शेजारी बिघडतो. सुजतो. मग रोज भिंतीतून भांडण आत जातं आणि वाहिनी आतून खराब व्हायला लागते.

"शेजाऱ्याला हाकलता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला बिघडू द्यायचं नाही, एवढंच हातात असतं."

पुढच्या शनिवारी त्या दोन दिवसांसाठी माहेरी राहणार होत्या. तेव्हा खरं हृदय उघडून दाखवते म्हणाल्या, आणि खाली उतरताना माझ्यापाशी थांबल्या. "वडिलांना सांग, बोकडाची चार-पाच हृदयं पाहिजेत. शाळेसाठी."

वडापाव मी जिंकला. पण खरं सांगायचं तर तो खाताना माझ्या डोक्यात वडापाव नव्हता. पप्पा होते.

माझे पप्पा, दिगंबर कोथमिरे, काठीसारखे बारीक. सत्तूर उचलला की मनगटाची शीर न शीर दिसते. त्यांना त्याचा फार अभिमान. जन्मभर मटण विकलं पण अंगावर पावशेर चरबी येऊ दिली नाही, हे वाक्य ते गिऱ्हाइकाला मटण बांधून देताना फुकट द्यायचे. त्यांची शुगर दोन वर्षांपूर्वीच निघाली होती. गोळी आठवण झाली तर. विडी मात्र आठवण न करता, दुकानाच्या मागच्या बाजूला.

आणि तरी आमच्या घरात पेशंट कोण, तर मी. जेवायला बसलं की मम्मी माझ्या भाकरीचे दोन तुकडे करायची, एक माझ्या ताटात आणि एक परत भाकरीच्या बुट्टीत. पप्पांच्या ताटात अख्खी, वर तूप. त्यांना खंगल्यासारखं झालंय म्हणून.

चैत्रात पप्पांच्या छातीत दुखलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि कोल्हापूरला जाऊन हृदयाची पुरती तपासणी करा, लांबवू नका, असं बजावलं. पप्पा म्हणाले, श्रावणात जाऊ.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मटणवाल्याच्या घरात आजारी पडायचं ते श्रावणात. तेव्हा दुकानात माशाही येत नाहीत. आजीचा मोतीबिंदू श्रावणात काढला, काकाची अक्कलदाढ श्रावणात, घराला चुना श्रावणात. मी जन्मलेसुद्धा श्रावणात, म्हणून पप्पांना दवाखान्यात थांबता आलं, असं मम्मी सांगते. पण आता चालू होता आषाढ. श्रावणाच्या तोंडावर गटारी, म्हणजे महिनाभर मटण बंद होणार म्हणून अख्खं गाव दुकानापुढं उभं राहतं तो दिवस. तोवर पप्पा दुकानातून हलणार नव्हते. मम्मीनं दोनदा विषय काढला, दोनदा घरात भांडण झालं. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही. पप्पा घराकडं येताना चढावर थांबायचे, तेव्हा ती दारातून बघायची आणि ते वर आले की स्वयंपाकघरात निघून जायची. विचारलं तर पप्पांचं उत्तर ठरलेलं, गॅस.

शाळेला हृदयं पाहिजेत म्हटल्यावर पप्पा एकदम हरखले. दुकानात हृदयाला दिल म्हणतात. शाळेनं आजवर त्यांच्याकडे गणपतीची वर्गणी मागितली होती, दिल कधी मागितलं नव्हतं. दुकानात मटण कापणाऱ्या काकाला ते दोनदा म्हणाले, आपल्याकडून शाळेत काहीतरी निघालंय रे. शनिवारी मटणाला गिऱ्हाईक नसतंच, त्यामुळे ते स्वतःच घेऊन येणार असं ठरलं. मी म्हटलं, मी नेते की डबा. तर म्हणाले, तू सांडशील.

शनिवारी सकाळच्या शाळेत, प्रयोगशाळेत, सगळे टेबलाभोवती गोळा झालो. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. हातात लग्नात मिळालेला मोठा स्टीलचा डबा. चौगुले सरांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मॅडमनी हातमोजे घातले, झाकण काढलं, आणि आत बघतच राहिल्या.

पाच हृदयं होती. गुळगुळीत, लालभडक, पाण्यानं चकचकीत धुतलेली. पांढरा ठिपका कुठं नाही. वरच्या बाजूच्या नळ्यासुद्धा बेतानं कापून सारख्या केलेल्या. पप्पा आणि काका पहाटेपासून सुरीच्या टोकानं खरवडत बसले होते, ते मला मग कळलं.

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "कोथमिरे, मी जे दाखवायला आले होते, तेवढंच तुम्ही काढून टाकलंत."

पप्पांना कळेना. "शाळेत जाणार म्हणून... घाण नको, म्हणून साफ केली."

पोरं हसली. माझे कान गरम झाले. मला वाटलं, आता पप्पा डबा उचलून चालू लागणार. आता ते हा किस्सा स्वतःच गिऱ्हाइकांना रंगवून सांगतात, पण तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मॅडमनी एक हृदय तळहातावर घेतलं आणि आमच्याकडे वळल्या. म्हणाल्या, हसू नका, हीच चूक आम्ही सर्जन लोकांनी कित्येक वर्षं केली. हृदयाची वाहिनी तुंबली की आम्ही पायातली एक शीर काढतो आणि ती हृदयावर जोडून रक्ताला नवा रस्ता करून देतो. त्याला बायपास म्हणतात. तर ती पायातली शीर काढताना तिच्याभोवतीची चरबी आम्ही अशीच खरवडून टाकायचो. स्वच्छ, सुटसुटीत दिसते, हाताळायला बरी. आणि मग त्यातल्या कितीतरी शिरा काही वर्षांत बंद पडायच्या. परदेशातल्या काही सर्जननी शीर तिच्या चरबीसकट काढून लावून बघितली. तिला कमी हात लावला, कमी ताणली. तशा शिरा जास्त काळ उघड्या राहिल्या.

"आम्हाला ती घाण वाटत होती," त्या पप्पांना म्हणाल्या. "ती शिरेला सांभाळत होती. तुम्ही निदान बोकडावर साफसफाई केलीत."

आता पप्पाही हसले. म्हणाले, थांबा, दुकानात आजच्या बोकडाचं एक आहे, न साफ केलेलं, आत्ता आणतो. सर नको नको म्हणेपर्यंत ते निघालेसुद्धा.

आमच्या शाळेला बाजारातून यायचं तर दमछाक करणारा चढ आहे. मॅडम फळ्यावर काहीतरी काढत होत्या, पण माझं लक्ष खिडकीतून बाहेर. पप्पा पिशवी घेऊन वर येताना दिसले. भराभर, गिऱ्हाईक खोळंबल्यासारखे. गेटपाशी आले आणि थांबले. एक हात गेटच्या दांडीवर, दुसरा हात छातीवर. मान खाली. मग तो हात वर गेला, जबड्यापाशी, आणि तिथंच राहिला.

फळ्यावरचा खडू थांबला होता. मी वळून बघितलं तर मॅडमही खिडकीतूनच बघत होत्या.

पप्पा आत आले तेव्हा कपाळावर घाम होता, पण आवाज ठणठणीत. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, आता सुरी तुम्हीच धरा, माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला आहे.

ते हृदय आधीच्यासारखं देखणं नव्हतं. वरच्या बाजूनं कंबरपट्ट्यासारखी पिवळट पांढरी चरबी, आणि तिची एक वाट खाली टोकाकडे उतरलेली. मॅडमनी बोट ठेवलं, इथं, हलक्या हातानं. पप्पांनी सुरीचं टोक लावलं आणि चरबी पानासारखी बाजूला केली. आत दोऱ्याएवढी बारीक नळी होती. लोण्यात दोरा ठेवावा तशी. रेवती म्हणाली, केवढीशी आहे. मॅडम म्हणाल्या, एवढ्याशाच्या जिवावर अख्खं हृदय चालतं.

पप्पा त्या नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, तेही त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या मुलांपेक्षा हळू आवाजात, "हा बोकड तर लई बारीक होता. माझ्याच हातातनं गेलाय. मग ह्याला चरबी कशी?"

"ही सगळ्यांना असते. बारीक आहे म्हणून सुटका नाही. ती किती आहे त्याच्याइतकंच, ती कशी आहे हेही बघावं लागतं. शुगर आहे, विडी आहे, तर ती बिघडते. बाहेरून माणूस काठीसारखा असला तरी."

मी पप्पांच्या शुगरबद्दल मॅडमना काही सांगितलं नव्हतं. विडीचा वास शर्टाला येत असणार.

तास संपला. वर्ग पांगला. व्हरांड्यात मॅडमनी पप्पांना थांबवलं. मी डबा धुवायच्या निमित्तानं नळापाशी होते, तीन पावलांवर. नळ बंद केला, कारण ऐकू येत नव्हतं. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून, चढावरच की बसल्या बसल्या पण, थांबलं की कमी होतं का. पप्पा एकेक उत्तर देत गेले. शेवटी मॅडम म्हणाल्या, या आठवड्यात माझ्याकडे या. सोमवारी या. गटारीचं नाव काढलं पप्पांनी, श्रावणाचं काढलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्यांना गटारी म्हणजे काय हे माहीत होतं, त्या गावच्याच होत्या.

"कोथमिरे," त्या म्हणाल्या, "हे श्रावणाची वाट बघणारं दुखणं नाही."

जाताना माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "तू शाळेत चांगला प्रश्न विचारलास. घरी विचारतेस का कधी?"

दुपारी जेवायला आम्ही तिघं बसलो. शनिवार, म्हणजे वांग्याची भाजी. मम्मीनं माझी भाकरी मोडली, अर्धी ताटात, अर्धी बुट्टीत. मग पप्पांना विचारलं, कसं झालं शाळेत. पप्पांनी साफ केलेल्या दिलांचा किस्सा सांगितला. मम्मी बऱ्याच दिवसांनी हसली. हसताहसताच, सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, डॉक्टरीणबाई तुमच्याबद्दल काही म्हणाल्या का.

"चांगल्या आहेत बाई," पप्पा म्हणाले. "म्हणाल्या, श्रावणात या सवडीनं."

माझा घास तोंडातच राहिला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी नळ कशासाठी बंद केला होता, हे त्यांना कळलं होतं की नाही कोण जाणे.

तहसीन असती तर म्हणाली असती, विचार, वडापाव माझ्याकडून. पण या वेळी पैज लावायला कुणी नव्हतं. त्या हॉलमध्ये पाऊणशे पोरांसमोर माझी जीभ अडखळली नव्हती, आणि इथं दोन माणसांसमोर मी नुसतीच भाजी कालवत बसले.

"पप्पा, एक विचारू?"

"आता कसली पैज लागली?"

"आज गेटपाशी थांबलात तेव्हा कुठं दुखलं?"

मम्मीचा हात भाजीच्या पळीवर थांबला. पप्पा म्हणाले, गॅस. मी म्हटलं, गॅस नव्हे, जागा विचारली. ते भाकरीकडे बघत बसले. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांनी डावा हात उचलला, छातीच्या मधोमध ठेवला आणि तिथून वर नेत जबड्यापर्यंत आणला.

"हितनं हितपर्यंत."

"दात दुखतोय म्हणत होता की तुम्ही," मम्मी म्हणाली. "मी लवंगा आणून दिल्या."

"मला पण दातच वाटला होता."

मग मी सगळं सांगून टाकलं. सोमवारी या म्हणाल्यात, श्रावणाची वाट बघणारं दुखणं नाही म्हणाल्यात. मम्मी रडली नाही, भांडलीही नाही. तिनं नुसतं पप्पांकडे बघितलं, आणि पप्पा बोलायला लागले. त्यांचं सगळं बरोबरच होतं, हाच तर घोटाळा. तपासणीत काही निघालं आणि ऑपरेशन करा म्हणाले, तर महिना-दोन महिने घरात. गटारी गेली की वर्षाची गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाची वाट धरणार, ती काय दसऱ्याला परत येतात होय. काका कापण्यात हुशार, त्याच्यासारखा हात तालुक्यात नाही. पण तीन गिऱ्हाइकं एकदम बोलली की तो सुरी ठेवून आत जाऊन बसतो. गर्दीला कोण बोलणार, वजन कोण बघणार.

"आणि गल्ल्यावर कोण बसणार?" पप्पा म्हणाले.

हा प्रश्न नव्हताच. चैत्रापासून प्रत्येक वेळी विषय मिटवायला ते हेच म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी मम्मी आणि मी गप्प बसायचो, कारण आमच्यात त्याचं एकच उत्तर होतं, पुरुष.

"मी," मी म्हटलं.

"आपल्यात बाईमाणूस कधी बसलंय दुकानात? लोक काय म्हणतील?"

"बेंऽ म्हणतील. शाळेत रोजच म्हणतात."

पप्पांनी मम्मीकडे बघितलं, आता तूच सांग हिला, अशा नजरेनं. मम्मीनं बुट्टीत हात घातला, माझी उरलेली अर्धी भाकरी काढली आणि माझ्या ताटात ठेवली. तूप मात्र पप्पांच्या ताटाजवळून उचलून मागं सरकवलं.

तेव्हा मी पाठ ताठ केली, सकाळी मॅडम उभ्या होत्या तशी.

"सोमवारी तुम्ही दोघांनी कोल्हापूरला जायचं. गटारीला दुकान उघडणार, काका कापणार आणि गल्ल्यावर मी बसणार. मी ठरवलंय. आणि दिल साफ करून पाहिजे की तसंच, हे पण गिऱ्हाइकाला मीच विचारणार."